रिपोर्टचा अर्थ बदलला, तर रुग्णाला कोण कळवणार?

जनुकीय चाचणीचा अहवाल आपण रक्तगटाच्या नोंदीसारखा जपून ठेवतो आणि एकदा ठरले ते कायमचे ठरले असे धरून चालतो. प्रत्यक्षात डीएनएमधील बदल तोच राहतो, पण त्याचा लावलेला अर्थ नव्या पुराव्यानुसार बदलू शकतो. २०१५ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ-संस्थांनी मांडलेल्या आणि आज अनेक देशांतील प्रयोगशाळा वापरत असलेल्या पद्धतीत अशा बदलांचे पाच वर्ग आहेत: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. यातील 'बहुधा'चा अर्थ सुमारे नव्वद टक्क्यांहून अधिक खात्री, म्हणजे चुकण्याची शक्यता वर्गीकरणातच गृहीत धरलेली आहे.

अर्थ बदलल्याची बातमी वाईटच असते असे नाही. आनुवंशिक कर्करोगाच्या चाचण्यांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ज्या अनिश्चित बदलांचा वर्ग पुढे बदलला, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बदल निरुपद्रवी किंवा बहुधा निरुपद्रवी ठरले. अशी बातमी तातडीची नाही म्हणून मागे पडत असेल, तर ते मला पटत नाही, कारण 'अनिश्चित' या एका शब्दापायी वर्षानुवर्षे धास्ती बाळगणाऱ्या माणसाला ती कळण्याचा तितकाच हक्क आहे.

याहून अवघड प्रसंग म्हणजे रोगकारक ठरवलेला बदल पुढे निरुपद्रवी निघणे. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक विकाराबाबत, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीबाबत, हे घडलेले आहे. रोगकारक म्हणून कळवलेले काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये बरेच सर्रास आढळतात, विकार मात्र तितका सर्रास नाही, आणि म्हणूनच ते निरुपद्रवी आहेत, असे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले. मूळ अभ्यासांतील तुलनेच्या गटात या समाजाची थोडी माणसे जरी असती, तरी हा घोटाळा बहुधा टळला असता.

आता अशा एका कुटुंबाचा विचार करा. थोरल्या भावाला विकार आहे आणि त्याच्यात तो बदल सापडला. धाकट्या बहिणीत तो सापडला नाही, म्हणून तिला 'तुम्हाला धोका नाही, दरवर्षी इकोकार्डिओग्राम करण्याची गरज नाही' असे सांगून मोकळे केले. पुढे तो बदल निरुपद्रवी ठरला, तर भावाच्या आजाराचे खरे कारण अजून सापडलेलेच नाही आणि बहिणीला दिलेला दिलासा निराधार होता, असा त्याचा अर्थ होतो. तिची तपासणी पुन्हा सुरू व्हायला हवी. परंतु नवा अहवाल निघाला तर तो भावाच्या नावाने निघेल आणि प्रयोगशाळा तो चाचणी सांगणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवील. डॉक्टरांनी दवाखाना बदललेला असेल किंवा भावाचा फोन नंबर बदललेला असेल, तर बहिणीपर्यंत काहीच पोहोचणार नाही.

पुन्हा संपर्क साधणे ही चाचणी सांगणारे डॉक्टर, प्रयोगशाळा आणि रुग्ण यांची सामायिक जबाबदारी आहे, असे अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशिकी संस्थेने २०१९ मध्ये म्हटले. तत्त्व म्हणून ते रास्त आहे, पण सगळ्यांचे काम अनेकदा कोणाचेच राहत नाही, आणि तिघांत सर्वांत कमी माहिती असलेल्या रुग्णाने 'माझ्या अहवालात काही बदल झाला का?' असे दरवर्षी विचारत राहावे, ही अपेक्षा मला जास्तीची वाटते. म्हणून हे चाचणीपूर्वीच्या संमतिपत्रातच ठरायला हवे: अर्थ बदलल्यास कळवावे अशी रुग्णाची इच्छा आहे का, कोणत्या पत्त्यावर कळवावे, आणि रुग्ण हयात नसल्यास कोणाला. कळवताना पोर्टलवर नवी फाइल चढवून भागत नाही. जुना वर्ग, नवा वर्ग, तारीख, उपचारात काय बदलावे आणि कोणकोणत्या नातेवाइकांना हे सांगणे आवश्यक आहे, एवढे तरी साध्या भाषेतील पत्रात असावे, आणि त्या नातेवाइकांना देता येईल अशी वेगळी प्रत सोबत जोडलेली असावी.