पोरांना घेऊन जुन्या मशिनी बघायला

जुन्या कारखान्यांचं म्युझियम म्हटलं की पोरं आधी तोंडं वाकडी करतात, पण आत एखादी मशीन चालू दिसली की विषय संपला, मग तुम्हीच त्यांना ओढून बाहेर काढा. म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्यायचं, मशीन चालवून कधी दाखवणार, आणि बाकी सगळं त्या टायमिंगभोवती बसवायचं. बोर्ड वाचून दाखवायच्या भानगडीत तर पडूच नका.

आमच्या धाकटीला आवडला जॅकार्ड माग. १८०४ सालचं डोकं बघा, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली, भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे धागा खालीच, असं ओळीमागून ओळ करत कापडावर अख्खं फूल उमटतं. थोरला म्हणाला, मग हे कोडिंगच झालं की! (झालंच ना.)

वाफेचं इंजिन वॅटने शोधलं असं सगळे ठोकून देतात, पण न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसत होतं, वॅटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं आणि कोळसा वाचवला.

आणि हो, गिरण्यांत लहान मुलं राबायची हे लपवू नका. सूतकताईच्या चालू मशीनखाली शिरून कापूस झाडायचं काम त्यांचंच. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापड गिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी आली.

"म्हणजे मला लावलं असतं?" थोरल्याने विचारलं.

हो म्हटलं, तू बसतोस त्यात. पुढचे दोन हॉल कुरकुर नाही काही नाही.