जीसीसी ११ टाकला, तरी एरर ४.८.५ चाच: माझा अनुभव

पिप इन्स्टॉल नमपाय. म्हणजे पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज नमपाय पिप या साधनाने बसवायचं, एवढंच करायचं होतं. लॅपटॉपवर हे काम चहा उकळायच्या आत होतं. विभागाच्या सर्व्हरवर मला अडीच दिवस लागले आणि अजूनही ती लाल अक्षरं आठवली की डोकं फिरतं.

सर्व्हर सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवरचा. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला, पण आमच्याकडे तो गुण्यागोविंदाने नांदतोय. पायथन ३.११ मी माझ्या होम फोल्डरमध्ये बसवून घेतलं होतं, त्याने काही त्रास दिला नाही. पिपने नमपाय २.३ शोधलं आणि उतरवायला घेतलं, पण फाइलच्या नावाच्या शेवटी व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) नव्हतं, टार-जीझेड (नुसता सोर्स कोड) होतं. तिथेच मी हात आवरायला हवा होता. चालेल असं तयार व्हील मिळालं नाही की पिप मुकाट्याने सोर्स कोड आणतो आणि तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला बसतो.

एररच्या शेवटी टीप होती: चूक पिपची नाही, वरच्या पॅकेजची आहे. झालं, हात झटकून मोकळे! खरं कारण बरंच वर दडलं होतं. नमपाय कंपाइल करायला जीसीसी हा कंपायलर किमान ९.३ लागतो, सर्व्हरवर ४.८.५.

सर्व्हर सांभाळणाऱ्या दादांना फोन केला. "अगं, नवा जीसीसी आहे की! मॉड्यूल लोड कर." म्हणजे सर्व्हरवर वेगळं ठेवलेलं सॉफ्टवेअर आपल्या सेशनपुरतं चालू करायचं. केलं. जीसीसीला व्हर्जन विचारलं तर ११ म्हणाला. पुन्हा पिप चालवला. पुन्हा ४.८.५.

इथून पुढचा दीड दिवस मी जे केलं त्याला शोध म्हणणं म्हणजे अतिशयोक्ती. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पुसून नवं केलं. पिपचा कॅश रिकामा केला. लॉगआउट, लॉगइन. मॉड्यूल अनलोड, परत लोड. पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, छापून पाहिला, नव्या जीसीसीचा फोल्डर सगळ्यात पुढे होता. दादांना परत फोन केला तर म्हणाले, "माझ्याकडे तर चालतंय." (त्यांनी नमपाय कधी कंपाइल केलं होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैतागून लॉग पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मीसनने, म्हणजे नमपाय बांधणाऱ्या साधनाने, सापडलेला सी कंपायलर छापला होता: सीसी, आणि पुढे जीसीसी ४.८.५, तारीख २०१५०६२३. जीसीसी नाही, सीसी! मीसन आधी सीसी या नावाचा कंपायलर शोधतं. सोर्सपासून बांधलेल्या जीसीसीच्या फोल्डरमध्ये सीसी नावाची फाइल आपोआप येत नाही, आमच्या मॉड्यूलमध्येही नव्हती. मग मीसन पाथमध्ये पुढे सरकत यूएसआर-बिन या सिस्टिमच्या फोल्डरमधल्या सीसीपाशी पोचलं. ती नुसती लिंक. बाणापुढे जीसीसी लिहिलेलं, पण त्याच फोल्डरमधला म्हातारा जीसीसी.

उपाय तीन शब्दांचा. सीसी, सीएक्सएक्स आणि एफसी या तीन व्हेरिएबल्समध्ये जीसीसी, जी++ आणि जीफोर्ट्रान या सी, सी++ आणि फोर्ट्रानच्या नव्या कंपायलरांचे पूर्ण पत्ते भरून एक्स्पोर्ट करायचे, मग पिप. कंपाइल सुरू झालं तेव्हा मी खुर्चीतून उठले नाही, उठलं की बिघडेल असं वाटत होतं. झालं!

सरांचा जुना फोर्ट्रान कोड एफटूपाय या नमपायच्या साधनाने पायथनला जोडताना मात्र आर्ग्युमेंटचे प्रकार जुळत नसल्याचे एरर आले. जीफोर्ट्रान १० पासून तो याबाबतीत कडक झालाय, अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच हा फ्लॅग दिला की पुढे जातो. कोड सुधारायचा की फ्लॅग द्यायचा? मी फ्लॅग दिला. सरांना सांगू नका.

आणि हो, मॉड्यूल लोडची ओळ जॉब स्क्रिप्टमध्येही (रांगेत लावायच्या कामाच्या फाइलमध्ये) टाका. मी विसरले. लॉगिन नोडवर सगळं मस्त चाललं, रात्री रांगेत लावलेला जॉब सकाळी पाहते तर पहिल्याच सेकंदाला मेलेला: नव्या जीफोर्ट्रानच्या लायब्ररीची, लिबजीफोर्ट्रानची, पाच नंबरची फाइल सापडत नाही.

परवा ज्युनिअरला त्याच सर्व्हरवर नमपाय हवं होतं. तोवर मला कळलं होतं की नमपाय २.३ च्या व्हीलला सर्व्हरवरच्या २.१७ पेक्षा नवी जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) लागते, नमपाय २.२ ला नाही. तिला म्हटलं, २.३ पेक्षा जुनं माग. मिनिटभरात बसलं, कंपायलरचं नावही निघालं नाही. "ताई, तुम्हाला किती वेळ लागला होता?" तिने विचारलं. मी म्हटलं, चल, चहा घेऊ.