रेकॉर्डिंगमध्ये न आलेली हाळी

गावच्या नाटकाला साऊंड देणं म्हणजे एरवी ठरलेलं काम. छापील पुस्तक, कुठे गाणं, कुठे बंदुकीचा बार याची यादी हातात, की झालं. सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावाने मात्र नाटक स्वतःच लिहिलं होतं. विषय गावची तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, आणि पूल झाल्यावर ती बंद पडली त्याची हकिकत. लिहिणाऱ्या गावातल्याच अंगणवाडी सेविका. नवीन संहिता म्हणून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही रीतसर आणलेलं. मी संहितेची झेरॉक्स मागितली तेव्हा नाटक बसवणारे काका म्हणाले, "घेवा, पण तेच्यावर जाव नकात. लिवललां सुरवातीक, फुडचां माणसां बोलतत."

ही दशावताराची सवय. तिथे आख्यान ठरलेलं असतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतो. या नाटकातले निम्मे नट त्याच तालमीतले. (मंजूर संहितेबाहेरचं बोलायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी पाळत नाही.) साऊंडवाल्याची पंचाईत अशी की कुठला माईक कधी उघडायचा हे आधी ठरत नाही, म्हणून सगळेच उघडे ठेवावे लागतात. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की शिट्टी बसते. एकाचे दोन माईक उघडले की ती बसायच्या आधीची मोकळीक 3 डेसिबलने कमी होते, दोनाचे चार केले की आणखी 3 ने. लोकांना वाटतं माईक जास्त म्हणजे आवाज जास्त. होतं नेमकं उलटं.

स्टेज 24 फूट बाय 18. वर आडव्या पाइपला तीन कंडेन्सर माईक टांगले, जमिनीपासून 8 फुटांवर. उभ्या माणसाचं तोंड साधारण 5 फुटांवर येतं, म्हणजे अंतर 3 फूट, ठीक आहे. पण निम्मं नाटक होडीत घडतं आणि होडीत माणसं बसतात. तोंड 2 फुटांवर आलं की अंतर 6 फूट, म्हणजे दुप्पट. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो. तो भरून काढायला वरचे माईक चढवले तर शिट्टी. म्हणून चौथा माईक होडीतच लपवला. होडी प्लायवूडची, पुढच्या फळीला आतून फोमची गादी चिकटवली आणि त्यात माईक बसवला. वल्हं फळीवर आपटलं की ढोल वाजल्यासारखा धक्का येतो, त्यासाठी त्या चॅनेलला 150 हर्ट्झखालचं सगळं कापून टाकलं. ती वायर होडीबरोबर सरकली पाहिजे, म्हणून पाच-सहा फूट सैल ठेवून मागच्या बाजूने काढली. हे काम चोख झालं होतं. पहिल्या अंकात होडीतल्या म्हातारीचं पुटपुटणंसुद्धा शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

लाईटवाल्याला वेगळ्या फेजवर जा म्हणून दोनदा सांगावं लागलं. लाईटचा डिमर आणि माझा साऊंडचा मिक्सर एका फेजवर आले की लाईट मंद करताना स्पीकरमध्ये भुणभुण सुरू होते. लग्नाच्या डीजेची कामं करणाऱ्यांना ती ऐकूच येत नाही, कारण तिथे शांतता कधी नसतेच. नाटकात असते.

प्रयोग साडेआठचा जाहीर होता. सव्वानऊपर्यंत सत्कार. शाल, श्रीफळ, मुंबईकर मंडळाचे पाहुणे, मग पाहुण्यांचे पाहुणे. लाऊडस्पीकर एरवी दहाला बंद करावा लागतो, त्या दिवशी बारापर्यंतची खास परवानगी होती. ती सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. ती सत्कारात घालवायची नसते हे कुठल्याही कमिटीला आजवर पटलेलं नाही. दव पडायला लागलं की कंडेन्सर माईक चरचरतात, म्हणून माझं लक्ष घड्याळाइतकंच हवेकडे होतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय ते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी पुलाचं उद्घाटन होऊन गेलंय, तरवाला रात्री रिकाम्या होडीत बसलाय. पैलतीरावरून हाळी येते. विंगेत दोन पोरं त्यासाठी उभी होती. त्यांनी दिली, "रेऽऽऽ, होडी हाऽऽड!" म्हणजे होडी आण. नट वल्हं उचलणार, एवढ्यात मांडवाच्या मागून, माडांच्या बाजूने, कोणीतरी तीच हाळी दिली. म्हातारा आवाज, शब्द शेवटी वर चढवलेला. मग उजवीकडच्या बायकांतून एक. मग वाडी-वाडीचे लोक जिथे बसले होते तिथून. पूर्वी हाळीवरून पलीकडे कोण उभा आहे ते तरवाल्याला कळायचं, हे मला नंतर कोणीतरी सांगितलं.

माझ्यासमोरचा प्रश्न साधा होता. एवढा आवाज उघड्या माईकमध्ये शिरला की तो स्पीकरमधून परत माईकमध्ये येतो. अडीच हजार हर्ट्झच्या आसपास शिट्टी धरायला लागली होती. टांगलेल्या तिन्ही माईकचे फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या पट्ट्या, खाली घेतले, होडीचा तेवढा ठेवला. स्पीकरमधून आता फक्त होडीची करकर. हाळ्या चालू. नट बोलला नाही, उठलाही नाही. बसल्या जागी एकदा वल्ह्यावर हात ठेवला, काढून घेतला. सगळं आपोआप थांबलं तेव्हा काकांनी पडदा ओढला. संहितेत त्याला अर्ध्या पानाचं स्वगत आहे.

दुसऱ्या आठवड्यात मुंबईकर मंडळाचा फोन आला, "भाऊ, त्या सीनला आवाज गेला होता काय?" व्हिडिओवाल्याने कॅमेऱ्याचा माईक बंद ठेवून माझ्या मिक्सरमधून लाईन घेतली होती, नेहमीसारखी. स्वच्छ आवाज हवा असेल तर हीच पद्धत. पण मिक्सरमध्ये उघडा होता होडीतला एकच माईक. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये माणूस बसलेला दिसतो, लाकूड करकरतं आणि लांबून कुठूनतरी काहीतरी अस्पष्ट येतं. तांत्रिक चूक यात कुठलीच नाही, मी हेच त्यांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही, माझंही पूर्ण झालेलं नाही.

प्रेक्षकांकडे तोंड करून माईक लावायची पद्धत आपल्याकडे नाटकात नाही. प्रेक्षक म्हणजे टाळ्या, खोकला आणि रडणारी पोरं, असंच आपण धरतो. आता हे नाटक मुंबईत बंदिस्त नाट्यगृहात करायचं ठरतंय. मंडळाला हाळी पेनड्राईव्हवर हवी आहे. माझ्याकडे आहेत ती विंगेतली दोन पोरं. काका म्हणतात, थंय बसतले ते पण आमचेच, देतले. मी दोन माईक प्रेक्षकांवर लावणार आहे, फक्त रेकॉर्डिंगच्या चॅनेलला, स्पीकरला नाही. पण जे लहानपणीच गाव सोडून गेले, पुलावरून गाडीनेच आले-गेले, ते हाळी कशी देणार? आणि नाहीच दिली, तर नट स्वगत म्हणेल की वाट बघत बसेल, हे काकांना विचारलं. ते म्हणाले, "ता तेका इचारा." त्यालाही विचारलं. त्याने अजून ठरवलेलं नाही.