मोटर टांगली आणि टॉर्क सापडला: घरी बनवलेला डायनॅमोमीटर

छोट्या डीसी मोटरवर १२ व्होल्ट, १०० वॅट एवढंच छापलेलं असतं. आता हे १०० वॅट बॅटरीतून आत जाणारे की शाफ्टवर बाहेर मिळणारे, किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना), किती वेळ, यातलं काहीच स्टिकरवर नसतं. आणि नाशिकमध्ये हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाहीये, निफाड-लासलगावकडे पाठीवर बॅटरी पंप घेऊन फवारणी करतात त्यातही अशीच मोटर असते, ती जळाली की माणूस दुकानात जाऊन "जास्त वॅटची द्या" म्हणतो आणि जास्त पैसे मोजून येतो. मला हे बघवत नाही. मोटर खरंच किती काम करते हे विकत घेणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि ते घरच्या टेबलावर मोजता येतं, मोजायच्या त्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोजायच्या गोष्टी चारच. व्होल्ट, अँपिअर, आरपीएम आणि टॉर्क, म्हणजे शाफ्टचा फिरवायचा जोर. पहिल्या तीन सोप्या आहेत, सगळी गंमत टॉर्कमध्ये आहे.

डिप्लोमा केलेल्या प्रत्येकाने लॅबमध्ये रोप ब्रेक केलेला असतो, ड्रमवर दोरी, एका बाजूला वजनं, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग बॅलन्स. घर्षणाने शाफ्ट अडवून जोर मोजायची आयडिया प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १८२१ च्या सुमारास काढली आणि मोठ्या इंजिनाला ती अजून चालते. पण एवढ्याशा मोटरला ती नको. दोरी धरते, सुटते, परत धरते, काटा नाचत राहतो आणि ड्रम तापला की घर्षणच बदलतं. त्यामुळे मी एडी करंट ब्रेक घेतला, यात मॅग्नेटजवळून फिरणाऱ्या धातूत आपोआप करंट तयार होतो आणि तोच फिरणं अडवतो. ॲल्युमिनियमची चकती फिरते, तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी निओडायमियम मॅग्नेट, कुठेही काहीही घासत नाही, आणि मॅग्नेटचा ब्रॅकेट स्क्रूने आत सरकवला की लोड एकदम स्मूथ वाढतो.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण मोटर फिक्स करतात आणि ब्रेक झुलता ठेवून त्याच्यावरचा जोर मोजतात. माझं ठाम मत आहे की छोट्या मोटरला याच्या उलट करावं, ब्रेक फिक्स आणि मोटर झुलती. कारण मोटर शाफ्टला जितक्या जोराने एका दिशेला फिरवते तितक्याच जोराने तिची बॉडी उलट्या दिशेला फिरू बघते, स्पीड स्थिर असला की दोन्ही अगदी सारखे. बॉडीवर एक आर्म लावला आणि तो लोड सेलवर (डिजिटल काट्यातला वजन मोजणारा सेन्सर) टेकवला की झालं. याचा मोठा फायदा असा की चकतीच्या बेअरिंगचं घर्षण, चकतीला लागणारी हवा हे सगळं आपोआप मोजणीत येतं, कारण ते सगळं मोटरच ओढत असते. ब्रेक झुलता ठेवला तर हे वॅट हिशोबातून गळतात, आणि ४०-५० वॅटच्या मोटरमध्ये दोन-तीन वॅट गळणं म्हणजे थोडं नाही.

मोटर टांगायला पुढच्या बाजूला ६००८ बेअरिंग, त्याचा बोअर ४० एमएम, म्हणजे फ्लँजसकट शाफ्ट मधून आरामात जातो, आणि मागच्या कॅपवर एक छोटा स्टब आणि साधं ६०८. फ्लँज सातपूरच्या एका लेथवाल्या काकांकडून करून घेतला. ड्रॉइंग बघून त्यांनी विचारलं, "अरे पण ही मोटर फिरणार का हिची बॉडी फिरणार?" म्हटलं, काका, बॉडी फिरू बघेल, पण आपण फिरू द्यायची नाही. ते हसले आणि फेस इतका छान मारून दिला की डायल लावल्यावर सुई जेमतेम हलत होती. बेसची जाड प्लेट अंबड लिंक रोडला भंगारात मिळाली. बेअरिंगची सील काढून ग्रीस धुवून टाकायचं आणि पातळ तेलाचा थेंब सोडायचा, कारण ही बेअरिंग फिरत नाहीत, नुसती किंचित डोलतात, आणि घट्ट ग्रीस तेवढं डोलणंही अडवतं.

वायरींकडे कुणी लक्ष देत नाही आणि तिथेच रीडिंग बिघडतं. जाड पीव्हीसी वायर मोटरला स्प्रिंगसारखी ढकलते, हाताने वायर जरा हलवली की लोड सेलवर आकडा बदललेला दिसतो. मऊ सिलिकॉन वायर घ्यायची, मागून अक्षाच्या जवळून आणायची आणि सैल वळण ठेवायचं. व्होल्टेज मात्र मोटरच्या टर्मिनललाच मोजायचं, त्यासाठी दोन बारीक वायरी वेगळ्या, कारण १० अँपिअर जाताना वायर-कनेक्टर मिळून ०.०५ ओहम जरी असले तरी अर्धा व्होल्ट तिथेच पडतो आणि तो मोटरच्या नावावर खपतो.

आर्म १० सेंमी, लोड सेल १ किलोचा, त्याचा सिग्नल वाचायला एचएक्स ७११ चिप आणि आकडे दाखवायला आर्डुइनो बोर्ड. कॅलिब्रेशनला ५०० ग्रॅमचं वजन आर्मच्या टोकाला टांगलं की ०.४९ न्यूटन मीटर यायला पाहिजे, आर्म लेव्हलमध्ये हवा, आणि वजनं चढवताना आणि उतरवताना दोन्हीकडून आकडे घ्यायचे. दोन्हीत फरक पडला तर बेअरिंग अडतंय. आरपीएमला हॉल सेन्सर वापरू नका, तो मॅग्नेट ओळखून चालतो आणि ब्रेकचे मॅग्नेट शेजारीच आहेत, पांढरा पट्टा आणि आयआर सेन्सर बरा.

एका मोटरचं उदाहरण देतो, स्टिकर १०० वॅटचं. टर्मिनलला ११.८ व्होल्ट, ६.२ अँपिअर, म्हणजे आत ७३ वॅट. लोड सेलवर १८३ ग्रॅम, म्हणजे ०.१८ न्यूटन मीटर, आरपीएम २४००. टॉर्क गुणिले २४०० गुणिले २ पाय भागिले ६०, शाफ्टवर आले ४५ वॅट. एफिशियन्सी ६२ टक्के. उरलेले २८ वॅट मोटरच्या पोटात उष्णता म्हणून राहतात, आणि दुपारच्या उन्हात पंपाच्या बंद डब्यातली मोटर का जळते ते इथेच कळतं. लोड अजून वाढवला तर शाफ्टवरचे वॅट थोडे वाढतात पण एफिशियन्सी पडते. अशा मोटरची सगळ्यात जास्त पॉवर साधारण नो-लोड स्पीडच्या (काहीही लोड नसतानाच्या स्पीडच्या) निम्म्यावर मिळते आणि सगळ्यात चांगली एफिशियन्सी त्याच्या बरीच वर, म्हणून मी स्टिकरऐवजी आख्खा ग्राफ काढतो.

टेस्ट पटकन उरका. माझी चकती १५० एमएम व्यासाची, ६ एमएम जाड, म्हणजे २८५ ग्रॅमच्या आसपास, तिच्यात १०० वॅट सोडले तर मिनिटाला वीसेक डिग्री तापते, ॲल्युमिनियम तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि ब्रेक ढिला पडत जातो. मोटरचं तांबंही तसंच, ५० डिग्री वाढली की रेझिस्टन्स २० टक्क्यांनी वर. म्हणून थंड मोटरचा ग्राफ वेगळा, गरम मोटरचा वेगळा. आणि चकतीवर गार्ड पाहिजेच, ढगळ बाही घालून जवळ जायचं नाही.

एक गोष्ट या ब्रेकने होत नाही, शाफ्ट पूर्ण थांबवणं, कारण चकती फिरलीच नाही तर एडी करंटच तयार होत नाही. स्टॉल टॉर्कसाठी, म्हणजे थांबलेल्या शाफ्टवरचा जोर मोजायला, शाफ्ट क्लॅम्पने धरायचा, दोन सेकंद करंट द्यायचा, आकडा टिपायचा आणि लगेच बंद. वरच्या मोटरला तेव्हा वीसच्या वर अँपिअर जातात, त्यामुळे फ्यूज लावल्याशिवाय हे करू नका.