घंटेतला गंधार

एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला येऊन दोन हिवाळे झाले, तरी आर्वो पार्ट हे नाव माझ्या लेखी ‘इथले कोणी मोठे संगीतकार’ एवढेच होते. जानेवारीत एका सहकाऱ्याकडे मैफलीचे जास्तीचे तिकीट निघाले आणि अशा थंडीत घरी बसून तरी काय करायचे, म्हणून मी गेलो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात माझी मजल तोवर बेथोव्हनच्या दोन-तीन सिम्फन्यांपलीकडे गेलेली नव्हती.

पहिलीच रचना होती 1977 सालची ‘कांतुस’. आदल्या डिसेंबरात वारलेल्या बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराच्या स्मरणार्थ पार्ट यांनी ती लिहिली. वाद्ये म्हणाल तर फक्त तारवाद्ये आणि एक घंटा. घंटा हलकेच तीनदा वाजते आणि मग व्हायोलिने वरच्या षड्जावरून उतरू लागतात: सा, मग सा नी, मग सा नी ध. लहानपणी पेटीवर घोटलेले पलटेच हे, आणि स्वरही आपल्या आसावरी थाटाचे, म्हणजे ग, ध, नी कोमल! मात्र तोच उतार प्रत्येक खालचा गट वरच्या गटाच्या निम्म्या लयीत वाजवतो. असे गट पाच. त्यामुळे सगळ्यांत वरच्या गटातल्या व्हायोलिनचा एक स्वर जेवढा वेळ टिकतो, त्याच्या सोळा पट वेळ तळाचा डबल बास आपल्या एका स्वरावर रेंगाळतो. उतरणाऱ्या सुराच्या जोडीला दुसरा सूर असतो आणि तो फक्त सा, कोमल ग आणि प या तीनच स्वरांवर फिरतो. या पद्धतीला पार्ट ‘टिंटिनाब्युली’ म्हणतात. लॅटिनमध्ये टिंटिनाब्युलम म्हणजे छोटी घंटा.

शेवटी सगळी वाद्ये एकेक करून आपापल्या तळाच्या स्वरावर येऊन थांबतात आणि तो गजर चालू असतानाच घंटेवर एक टोल इतका अलगद पडतो की तो कोणाला कळतही नाही. वादकांचे गज एकदम थांबतात. उरते ती घंटेची आस, म्हणजे टोलानंतर घुमत राहणारा नाद, आणि तिच्यात मला चक्क शुद्ध गंधार, म्हणजे शुद्ध ग, ऐकू आला. सहा मिनिटे कोमल गंधारात काढल्यावर हा आला कुठून? नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो न छेडता बोलतो, तोच हा स्वयंभू गंधार. माझ्या तोंडून नकळत ‘वा’ निघून गेले आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी वळून माझ्याकडे जे पाहिले, ते मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी पार्ट यांच्याच नादात काढले. 1935 साली पाइदे या गावी जन्मलेल्या या माणसाने काही वर्षे रेडिओवर ध्वनिमुद्रणाचे काम केले. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता आणि 1968 च्या ‘क्रेदो’ या रचनेतला ख्रिस्तावरील श्रद्धेचा उघड उच्चार सोव्हिएत अधिकाऱ्यांना खुपला. पुढची आठ वर्षे त्यांनी फार थोडे लिहिले आणि जुन्या चर्चगायनाचा अभ्यास केला. 1976 मध्ये ही नवी शैली हाती लागली. 1980 मध्ये देश सोडून ते आधी व्हिएन्नाला आणि मग बर्लिनला गेले. अनेक वर्षांनी ते एस्टोनियात परतले.

त्यांची ‘टाब्युला रासा’ ही रचना 1977 मध्ये टॅलिनमध्येच प्रथम वाजली, तेव्हा तारांमध्ये स्क्रू अडकवलेल्या पियानोवर खुद्द आल्फ्रेड श्निटके हे नामवंत सोव्हिएत संगीतकार बसले होते. ती मला थोडी लांबलेली वाटते. व्हायोलिन-पियानोची ‘श्पीगल इम श्पीगल’ मात्र रोज ऐकतो. तिच्यातला व्हायोलिनचा प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा एका स्वराने वाढतो आणि पुन्हा त्याच स्वरावर येऊन विसावतो, जणू रागाची स्वरास्वराने होणारी बढतच.

आईकडे मिरजेचा जुना तंबोरा आहे. तिला परवा फोनवरून ‘कांतुस’ ऐकवली. “सगळे मिळून रडतायत का रे?” हा तिचा पहिला अभिप्राय. शेवटच्या आसेच्या वेळी मी श्वास रोखून बसलो होतो, पण फोनने ती बारीक आस गोंगाट समजून गाळून टाकली आणि आई म्हणाली, “संपलं वाटतं.” जूनमध्ये ती इकडे येणार आहे. टॅलिनपासून पस्तीसेक किलोमीटरवर लाउलास्मा येथे पाइनच्या रानात 2018 पासून पार्ट यांच्या नावाचे केंद्र आहे; तिथे त्यांचा दस्तऐवज-संग्रह आणि छोटे सभागृह आहे. तिथे तिला घेऊन जायचे ठरवले आहे.