पर्जन्यमापकाची वही: 0.99, शून्य आणि उणे 0.2

वळवापासून आषाढापर्यंतच्या नोंदी एक्सेलमध्ये चढवून झाल्या. एक पर्जन्यमापक खानापुरात आमच्या परसात, दुसरा निपाणीला मामेभावाच्या गच्चीवर; दोन्ही गावं बेळगाव जिल्ह्यातली. वाचन दोन्हीकडे सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेनुसार. दोन्ही गावांत पाऊस कितपत जोडीनं पडतो, हे बघायचं होतं. ते सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध गुणांक: 1 म्हणजे पूर्ण जोडीनं, उणे 1 म्हणजे पूर्ण उलट, शून्याच्या आसपास म्हणजे मेळ नाही. तो काढायच्या तीन पद्धती लावून बघितल्या: पिअर्सन, स्पिअरमन आणि केंडल.

गणित नीट दिसावं म्हणून वहीतले पाच दिवस मुद्दाम निवडलेत, मिलिमीटरमध्ये. खानापूर: 2, 4, 6, 8, 100. निपाणी: 9, 7, 5, 3, 60. पिअर्सनचा सहसंबंध गुणांक 0.99, स्पिअरमनचा चक्क शून्य, केंडलचा उणे 0.2!

पिअर्सन सरासरीपासूनची अंतरं गुणतो. पाचव्या दिवशी खानापूर आपल्या सरासरीच्या 76 वर, निपाणी 43.2 वर, गुणाकार 3283. पाचही दिवसांची बेरीज 4084. म्हणजे ऐंशी टक्के वजन त्या एका दिवसाचं. तो दिवस झाका, उरलेल्या चारांवर हाच पिअर्सन थेट उणे 1 देतो. स्पिअरमनला फक्त लहान-मोठ्याचा क्रम कळतो; 100 च्या जागी 300 पडला असता तरी त्याच्या लेखी तो दिवस पाचवाच. केंडल दिवसांच्या जोड्या लावतो: दहापैकी चार जोड्यांत दोन्ही गावांचा पाऊस एका दिशेनं बदलतो, सहांत उलट. चार वजा सहा, भागिले दहा.

मला यात भांडण दिसत नाही, पाऊसच दोन जातींचा आहे. वळीव एका शिवारात कोसळतो आणि बांधापलीकडे धूळ उडत असते. आषाढातला मोठा पाऊस मात्र अख्खा पट्टा धुऊन काढतो. नुसतं ‘सहसंबंध 0.99’ असं कुणी लिहून पाठवलं, तर मी आधी आलेख मागतो.

कोरड्या दिवसांची भानगड वेगळीच. दोन्हीकडे शून्य असलेले दिवस ढिगानं आले की गुणांक उगाच फुगतो, म्हणून ते सध्या वगळतोय. एकाच गावी शून्य असेल तर दिवस ठेवतो आणि सारख्या आकड्यांना सरासरी क्रम देतो, त्यासाठी एक्सेलचं ‘रँक.एव्हीजी’ सूत्र, मग त्या क्रमांवर पिअर्सन काढणारं ‘कोरेल’, झाला स्पिअरमन. केंडलचं तयार सूत्र एक्सेलमध्ये नाही, जोड्या स्वतःच मोजाव्या लागतात.

आता वळवाचे दिवस आणि मोसमी दिवस वेगळ्या पानांवर घेतोय. अथणीकडे कुणी मापक ठेवून असेल तर नोंदी हव्या आहेत. तिकडे पाऊस मुळातच कमी, तेव्हा हे तिन्ही आकडे कसे फिरतात ते बघायचंय.