व्हॅक्यूम गाडी, पाण्याची गन आणि बोटाला पडलेलं बारकं भोक

सांगलीत विश्रामबागला रोडकडेला आमची गाडी लागली की दहा मिनिटांत कोणतरी येऊन विचारतंच, चेंबर तुंबलंय काय ओ? दिसायला मैला ओढायच्या गाडीसारखीच आहे ना म्हणून. पण ही खोदायची गाडी आहे, एका हातातल्या गनमधून प्रेशरचं पाणी मारून माती फोडायची आणि शेजारच्या 6 इंची पाइपनं तो चिखल टाकीत ओढून घ्यायचा. रस्त्याखाली लाइटची केबल, पाण्याची लाइन, गॅसचा पाइप, फायबर सगळं एकाच्या उरावर एक बसलंय, तिथं जेसीबीचा बकेट घातला की काय होतं ते सांगायला नको, आख्खी गल्ली अंधारात. म्हणून आधी आम्ही भोक पाडून खालचं सगळं उघडं करून द्यायचं, मग बाकीच्यांनी खोदायचं.

आता ह्यात एक घोळ असा की जेसीबीच्या बकेटला दात असतात ते दिसतात, आमच्या गाडीला दिसत नाहीत. त्यामुळं प्रत्येक साइटवर मुकादम म्हणणारच, "ह्याच्यानं कुणाला काय होत न्हाय." मी पण कधीकाळी तेच म्हणायचो.

गेल्या उन्हाळ्यात माधवनगर रोडला काम चालू होतं. हेल्पर 22 वर्षांचा, तासगावकडचा पोरगा, कामाला एकदम तरतरीत. गनच्या टोकाला पाणी सुटतं त्या नोझलमध्ये खडा अडकून धार वाकडी मारायला लागली म्हणून त्यानं डाव्या हातानं नोझलचं तोंड पुसलं, आणि उजव्या हातातला ट्रिगर दबला. पंप बंद नव्हता, गनला लॉक नव्हतं. रक्त म्हणाल तर एक थेंब. बोटाच्या मुळाशी बाभळीचा काटा टोचल्यासारखं भोक, बस्स. समोरच्या चहावाल्या मावशींनी चिमूटभर हळद दाबली, मी माझा रुमाल बांधला आणि आम्ही परत कामाला लागलो. रुमाल मी बांधला हे मुद्दाम लिहितोय, कारण ऑपरेटर मी होतो.

चार वाजता पोरगं म्हणालं, दादा आतनं ठणकतंय. बघितलं तर बोट दुमडत नव्हतं आणि तळवा टम्म ताणलेला. रात्री डॉक्टरांनी हात उघडून आतला गाळ धुऊन काढला. त्यांनी सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलंय, की पाणी भोकातून आत गेलं की तिथंच थांबत नाही, बोटाच्या शिरेच्या कडेनं थेट तळव्यात पसरतं, सोबत माती आणि घाण घेऊन, आतनं सूज आली की रक्त पोचत नाही आणि मग बोट कापायची वेळ येते. वरची जखम बघून अंदाज करायचाच नाही. बोट वाचलं त्याचं, पण पूर्ण मिटत नाही, अजून शर्टाचं बटण उजव्या हातानंच लावतो.

ट्रकच्या टायरात हवा असते शंभर-सव्वाशे पीएसआय, म्हणजे प्रेशरचं माप. आमची गन 2000 ला चालते. तेव्हा नोझलला हात लावायच्या आधी पंप बंद, ट्रिगर दाबून उरलेलं प्रेशर सोडलं, लॉक लावलं, मगच हात. घाई असली तरी.

केबलजवळ आलो की तर अजून वेगळं. सरकारनं मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलंय, खोदायच्या आधी त्यावर कळवायचं, कळवा, पण नकाशात केबल डावीकडं आणि जमिनीत उजवीकडं हे मी कितीतरी वेळा बघितलंय. वाळू किंवा विटा लागल्या की समजायचं खाली केबल आहे, आणि केबल चालूच आहे असं धरायचं. तिथं प्रेशर कमी करायचं, फिरणारंच नोझल वापरायचं, ते केबलपासून 8 इंच तरी लांब ठेवायचं आणि धार एका जागी थांबवायची नाही, हात सारखा हलता पाहिजे. थांबलेली धार केबलचं वरचं आवरण सोलून काढते. पायात साधे नाही, करंट न लागणारे बूट, आणि गाडीला अर्थिंग.

ओढायच्या पाइपकडं तर कुणी बघतच नाही. 6 इंची तोंड पूर्ण झाकलं गेलं आणि गेजवर अर्धाच व्हॅक्यूम असला तरी 90 किलोच्या आसपास ओढ बसते, म्हणजे साखरेच्या जवळपास दोन पोत्यांचं वजन हाताला लटकलं समजा. आपली काळी माती तर ओली झाली की लोण्यासारखे गोळे होतात आणि पाइप तुंबतो, मग पोरं सवयीनं हात घालायला जातात. ब्लोअर, म्हणजे ओढ तयार करणारं यंत्र, चालू असताना अजिबात नाही. काम सुरू करायच्या आधी व्हॅक्यूम सोडायचा व्हॉल्व्ह एकदा उघडून बघायचा आणि एक माणूस दिवसभर त्याच्याजवळच उभा, त्याला चहा आणायला पाठवायचं नाही. टाकीचं मागचं दार पण गेज शून्यावर आल्याशिवाय उघडायचं नाही, आणि टाकी उचलायच्या आधी वर बघायचं, तारा कुठायत.

खड्ड्यात उतरायचं नाही हे वेगळं लिहायला नको, पण लिहितो. दीड मीटरच्या पुढं आधार दिल्याशिवाय कुणीच नाही, मोबाइल पडला तरी नाही.

आता केबिनच्या दारावर मी एक कागद चिकटवलाय, मराठीत. गनचं पाणी लागलं, कितीबी बारकं असो, तर हळद नाही, मलम नाही, खायला-प्यायला काही द्यायचं नाही कारण ऑपरेशन लागू शकतं, आणि थेट मोठ्या दवाखान्यात. तिथं गेल्यावर काटा टोचला म्हणायचं नाही, "प्रेशरचं पाणी कातडीत घुसलंय" असंच म्हणायचं. खाली तीन रिकाम्या ओळी ठेवल्यात, पेननं भरायला: किती वाजता लागलं, प्रेशर किती होतं, पाण्यात काय होतं.